अंबाजीच्या बुलेटचा नंबर

सांडवखारच्या सत्यवती घरतला गावानं एकवीस वर्षं विधवा म्हटलं नाही, आणि सवाष्ण म्हणायलाही गाव कचरत राहिलं. हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं. ती जायची, कोपऱ्यात बसायची. ओटी भरायची वेळ आली की बाया एकमेकींकडे बघायच्या. शेवटी एखादी म्हातारी म्हणायची, "भरा गो तिची. घरवाला कुठंतरी जिता हाय ना तिचा." मग ओटी भरली जायची. तो नारळ घरी आणून सत्यवती कधी फोडत नसे. वाटेतच कुणाच्या तरी पोराच्या हातात देऊन टाकायची.

उरणच्या पूर्वेला खाडीकाठी हे गाव. पूर्वी त्याच्या तिन्ही अंगांना मिठागरं होती, आणि खाडीचं पाणी अडवायला-सोडायला बांधात उघाड्या, म्हणजे लाकडी दारं. सत्यवतीचं लहानपण डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून चालण्यात गेलं. आता तिथं कंटेनरची यार्डं आहेत, आणि सत्यवती पहाटे उठून तांदळाच्या दीडशे भाकऱ्या भाजते. सात वाजता हायवेवरच्या खानावळीचा माणूस येतो, टोपल्या घेऊन जातो. ट्रेलरचे ड्रायव्हर त्या खातात. एवढ्यावर तिनं घर चालवलं आणि कल्पिताला, एकुलत्या एका मुलीला, बीकॉम केलं.

तिचा नवरा अंबाजी न्हावा शेव्याकडच्या एका यार्डात कंटेनरच्या नोंदी ठेवायचा. सरळ माणूस, जरा हट्टी. दारूला शिवत नसे, त्यामुळे हळदीच्या मांडवात त्याची थट्टा व्हायची. त्याला एकच व्यसन होतं. त्याची बुलेट. १९६८ सालची. रेवदंड्याच्या एका निवृत्त हवालदाराकडून त्यानं ती घेतली तेव्हा तिच्यात कोंबडी अंडी घालत होती. गावचा फिटर विठोबा त्याचा दोस्त. दोघांनी दोन वर्षं रविवार-रविवार बसून ती गाडी उभी केली. रायगडाला कुलाबा जिल्हा म्हणत तेव्हाची तिची नंबरप्लेट. ती बदलायची नाही, असं अंबाजी सगळ्यांना सांगायचा. संध्याकाळी बांधावरून तो घराकडे यायला लागला की त्या आवाजावर सत्यवती चुलीवर कालवण गरम करायला ठेवायची.

२००३च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो आवाज आला नाही.

त्या दिवशी गावात हळद होती. सगळा गाव मांडवात. अंबाजी कामावरून निघाल्याचं यार्डातल्या माणसांनी सांगितलं, पण घरी तो पोचला नव्हता. गाडीही नाही, माणूसही नाही. पोलिसांत खबर दिली. खाडी धुंडाळली. चौथ्या दिवशी अंबाजीचा चुलतभाऊ बुधाजी सत्यवतीच्या ओटीवर येऊन बसला. बुधाजी वयानं मोठा. त्यानं नुकताच एक डंपर घेतला होता आणि मिठागरं बुजवायच्या भरावाचं काम धरलं होतं. खाली मान घालूनच तो बोलला, "वैनी, कसं सांगू? परवा मी दिघीला गेलतो, खडीच्या कामाला. जेटीवर अंबाजी दिसला. बुलेट लाँचमधी चढवीत होता, आगरदांड्याला जायला. मागं एक बाई होती."

एवढं पुरलं. पोलिसांनी शोध थांबवला. सासू म्हणाली, हिच्यातच काहीतरी कमी असेल. चार वर्षांच्या कल्पिताला घेऊन सत्यवती एसटीनं दिघीला गेली. जेटीवर अंबाजीचा लग्नातला फोटो दाखवत फिरली. लाँचवाले म्हणाले, रोज पन्नास गाड्या चढतात, आम्ही तोंडं बघत नाही. पलीकडे आगरदांड्यालाही तिनं विचारलं. पुढच्या वर्षी पुन्हा गेली. तिसऱ्या वर्षी मात्र गेली नाही. सापडला तर त्या बाईसकट सापडेल, आणि मग काय बोलायचं, हे तिला सुचेना.

या सगळ्या वर्षांत कुणी हात दिला असेल तर बुधाजीनं. दर पावसाळ्याआधी तांदळाचं पोतं त्याच्याकडून यायचं. छपराचे पत्रे त्यानं घातले. कल्पिताला नोकरी लागली तीही त्याच्याच ओळखीनं. एका डंपरचे त्याचे अकरा डंपर झाले, देवळाला त्यानं कळस दिला, गाव त्याला शेठ म्हणू लागला. सत्यवती दर भाऊबीजेला त्याला ओवाळायची.

मग गेल्याच्या गेल्या जानेवारीत, दुपारी, एक छोटा टेम्पो तिच्या दाराशी उभा राहिला. त्यातून भावेश नावाचा माणूस उतरला. पनवेलचा गुजराती, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, जुन्या मोटारसायकली जमवण्याचा नादिष्ट.

"मावशी, अंबाजी नागू घरत इथंच राहतात ना?"

सत्यवतीचे हात पिठाचे होते. कल्पिता घरीच होती, ती पुढं आली. "काय काम आहे?"

"त्यांची गाडी आहे माझ्याकडे. भंगारातून घेतली. चेसी नंबरावरून जुन्या रेकॉर्डमधे त्यांचं नाव निघालं. माझ्या नावावर करायला त्यांची सही पाहिजे." त्यानं टेम्पोवरची ताडपत्री ओढली.

नंबरप्लेट नव्हती. टाकी दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची, चाकं गंजलेली, सीट नाहीच. सत्यवतीनं पदराला हात पुसले आणि लांबूनच म्हणाली, "ही ती न्हाय."

तिला ती नकोच असावी. गाडी भंगारात गेली म्हणजे माणूसही कुठंतरी भंगारात गेला.

भावेश वरमला. म्हणाला, "मावशी, मलापण तीच शंका आहे. आरटीओच्या इन्स्पेक्टरनं पास नाही केली. बोलला, नंबर नंतर ठोकलेला वाटतो. एक आकडा वाकडा आहे. कंपनीचा नंबर असा वाकडा नसतो म्हणे. पुरावा आणा. चोरीच्या गाडीवर दुसऱ्याचा नंबर मारतात ना, तसलं काही असेल तर मलापण नको."

कल्पितानं विठोबाला बोलावून आणलं. विठोबा आता सत्तरीच्या पुढं गेलेला, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, गॅरेज बंद करून दहा वर्षं झाली होती. गाडी खाली उतरवली. त्यानं तिच्याभोवती एक फेरी मारली. हँडल ज्या नळीत फिरतं, त्या नळीवर डाव्या अंगाला नंबर असतो. त्यावर काळ्या रंगाचे दोन-तीन थर बसले होते; आकडे जेमतेम वाचता येत, कडा बुजलेल्या. विठोबानं थिनरचा बोळा घेतला आणि घासायला लागला. रंग सुटला तसा आकडा आकडा वर आला.

"चोरानं नंबर मारला का पयला जुना घासून काढतो," तो भावेशला सांगत होता. "मंग लोखंड तिथं खाली बसतं. बोट फिरव. हाय का खड्डा?"

भावेशनं बोट फिरवलं. "नाही, काका."

"घासल्याच्या रेघा हायत?"

भावेशनं मोबाइलचा उजेड आडवा धरला. "नाहीत."

"आनि ह्यो वाकडा चार." विठोबानं मान वर केली. "सत्यवती, त्याच्या गाडीचे कागद हायत का तुझ्याकडं? नावावर केली तवाचे?"

आरसी बुक अंबाजीच्या खिशातच असायचं. पण गाडी नावावर करताना नंबराचा ठसा द्यावा लागतो. आकड्यांवर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवतात. तो ठसा अंबाजीनं दोनदा काढला होता, कारण पहिला घामानं फिसकटला. तो पहिला कागद पेटीतल्या फाइलमध्ये तसाच होता. सत्यवतीनं तो आणला. विठोबानं कल्पिताकडून कागद-पेन्सिल घेतली, नवा ठसा काढला, आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून उन्हाकडे धरले.

चार तसाच उजवीकडे कललेला. शेवटचा सात दोनदा ठोका बसल्यानं दुहेरी. आकड्यांमधली अंतरं केसाइतकीही हलली नव्हती.

"कंपनीतच वाकडा मारलाय कुनीतरी," विठोबा म्हणाला. "अंबाजी ह्याला लंगडा चार बोलायचा. नंबर खरा हाय. गाडी तीच."

भावेशचा चेहरा उजळला. मग त्याचं सत्यवतीकडे लक्ष गेलं आणि त्यानं मोबाइलचा उजेड बंद केला.

विठोबाचं बोट मात्र तिथंच फिरत होतं. नंबराच्या खाली, जिथून पुढची नळी इंजिनाकडे उतरते तिथं. त्यानं नखानं टोचून बघितलं. रंगाखाली पुट्टी होती. त्यानं पटाशी मागवली आणि खरवडायला लागला. पुट्टीचे तुकडे पडत गेले, आतून वेल्डिंगचा जाड, ओबडधोबड वळ दिसायला लागला. नळीभोवती पूर्ण वेढा. दुसऱ्या नळीवरही तशीच. त्यानं हँडल हलवून बघितलं, ते एका बाजूला अडकत होतं.

"नंबर खरा हाय," तो पुन्हा म्हणाला, आता अगदी हळू. "पन नळी खरी न्हाय. ही कापून जोडलीय. फ्रेम पुढून मोडली व्हती."

"म्हणजे?" कल्पितानं विचारलं.

"म्हंजे समोरून मोठ्या गाडीनं धडक दिली. फ्रेम इथं मोडते तवा..." त्यानं पटाशी खाली ठेवली. "पोरी, आईला आत घेऊन जा."

सत्यवती हलली नाही. "बोल विठोबा."

"तवा वरचा मानूस वाचत न्हाय."

शेजारच्या यार्डात क्रेन चालू होती. मग सत्यवतीनं भावेशला विचारलं, "ही कुठशी आनलीस?"

भावेशनं तळोज्याच्या भंगारवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. भंगारवाला हिंदी-मराठीत बोलत होता. त्याला सगळं आठवत होतं, कारण माल मोठा होता. उरणसाइडच्या एका डंपरवाल्याचं यार्ड साफ केलं होतं. शेठ आजारी पडला, तर त्याच्या पोरानं जुने टायर, इंजिनं, मागच्या शेडमधलं सगळं एकदम काढलं. ताडपत्रीखाली ही गाडी पण होती. "सांडवखारवाला शेठ. बुधाजीशेठ. क्यों, कुछ लफडा है क्या?"

कल्पितानं आईचा दंड धरला. सत्यवतीनं तो सोडवून घेतला, चप्पल घातली आणि चालू लागली.

बुधाजी तीन वर्षं डायलिसिसवर होता. दिवाणखान्यातच त्याची कॉट टाकलेली. बायको आवडाबाई त्याला पेज भरवत होती. सत्यवती उंबऱ्याच्या आत आली आणि उभीच राहिली. मागे कल्पिता, तिच्यामागे धापा टाकत विठोबा.

"दादा, आमच्या मालकांची गाडी आलीय माझ्या दारात."

बुधाजीनं पेजेचा चमचा हातानं बाजूला केला. नाकारायचं त्याच्या मनात आलं असेल तर ते चेहऱ्यावर दिसलं नाही. त्याचे डोळे भरून आले. अशा माणसाला रडायला वेळ लागत नाही, असं विठोबा नंतर म्हणाला.

तुटक तुटक त्यानं सांगितलं. हळदीत दुपारपासून पीत बसला होता. ड्रायव्हर मांडवातून उठेना, आणि मातीच्या खेपा पुऱ्या करायच्या होत्या. मग स्वतःच डंपर घेऊन निघाला. संध्याकाळी डोळ्यावर ऊन होतं. बांधाच्या वळणावर समोरून बुलेट आली. बांध अरुंद.

"जाग्यावर गेला?" सत्यवतीनं विचारलं.

बुधाजीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"दादा, जाग्यावर गेला का?"

"न्हाय," तो म्हणाला. "थोडा वेळ व्हता. पानी मागत व्हता. माझ्याकडं पानी न्हवतं, वैनी."

आवडाबाईच्या हातातलं भांडं खाली पडलं. कल्पिता बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. सत्यवतीनं पुढचं विचारलं. "कुठं हाय तो?"

"भरावात. मोठ्या उघाडीच्या अंगाला. वरती दोन खेपा वतल्या."

"आनि गाडी?"

"ती गाडायला मन झालं न्हाय," तो म्हणाला. "त्याची गाडी व्हती." पुढं त्यानं आपल्या मिस्त्रीकडून ती जोडूनही घेतली होती. कशासाठी, ते त्याला सांगता येईना. मिस्त्रीला काही माहीत नव्हतं, आणि तोही मरून गेला होता. जोडलेली गाडी ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. मुलाला यातलं कधी काही सांगितलं नव्हतं.

सत्यवतीनं एवढं सगळं उभ्यानं ऐकलं. मग जे विचारलं ते विठोबानं नंतर शब्दाला शब्द सांगितलं. ती म्हणाली, "मारलास ते मारलास. चुकून मारलास. पन त्याच्या मागं बाई का बसवलीस?"

बुधाजीनं अंगावरची चादर वर ओढली.

"येकवीस वर्सं मी त्या बाईला शिव्या दिल्या. तिचं तोंड कसं असंल ते बघत निजले. ती न्हवतीच, दादा. का बसवलीस?"

"म्हंजे तू शोधनार न्हायस," बुधाजी म्हणाला.

कल्पितानं दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार दिली. गावातले चारजण समजवायला आले. माणूस आज-उद्याचा सोबती आहे, गेलेला परत यायचा नाही, आणि बुधाजीनं तुमच्यासाठी कमी केलं नाही, असं त्यांचं म्हणणं. सत्यवतीनं त्यांना चहा दिला आणि घरातलं तांदळाचं पोतं बाहेर काढून त्यांच्यापुढं ठेवलं. "जाताना घेऊन जा," एवढंच म्हणाली.

पोलिसांनी बुधाजीचा जबाब कॉटवरच घेतला. गाडी पंचनामा करून जप्त झाली. भावेशनं एका शब्दानंही कुरकुर केली नाही. ठाण्यात तीन तास थांबून त्यानं भंगारवाल्याची पावती, दोन्ही ठसे, सगळं नीट समजावून दिलं. आठवड्यानं बुधाजीला अँब्युलन्समधून जागा दाखवायला नेलं. पण दाखवणार काय? उघाडी नव्हती, बांध नव्हता. सगळीकडे सपाट काँक्रीट आणि त्यावर पाच-पाच कंटेनरची चळत. त्यानं स्ट्रेचरवरून हात केला, "हितंच कुठंतरी." थोड्या वेळानं दुसरीकडे केला. यार्डच्या कडेला मोकळ्या पट्ट्यात जेसीबीनं एक दिवस खणलं. मुरूम निघाला, डबर निघालं, खाली काळा चिखल आणि खारं पाणी. संध्याकाळी खड्डा बुजवला.

त्यानंतर अकराव्या दिवशी बुधाजी गेला. आरोपीच राहिला नाही म्हणून खटला उभा राहण्याआधीच मिटला. त्याच्या अंत्ययात्रेला अख्खा गाव होता. दुकानं बंद होती.

एकच कागद सत्यवतीच्या हातात पडला, तोही सात महिन्यांनी आणि कोर्टाच्या आदेशानं. अंबाजीच्या मृत्यूचा दाखला. मृत्यूच्या ठिकाणापुढे कचेरीतल्या बाबूनं गावाचं नाव टाकलं. भटजींनी सांगितलं, देह नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा. कल्पितानं तो दिला. पिंडाला कावळा लवकर शिवेना. जमलेल्यांत कुणी म्हणालं, काहीतरी इच्छा राहिली असेल. विठोबा उठला, तांब्यातलं पाणी पिंडाशेजारी ओतलं आणि परत येऊन बसला. मग कावळा आला की नाही, ते सत्यवतीनं पाहिलं नाही.

आवडाबाई एकदा येऊन गेली. दुपारची वेळ. दोघी ओटीवर बसल्या. आवडाबाई म्हणाली, "त्या सांजेला यांचे कपडे मीच धुतले. रगात व्हतं. हळदीचा बोकड कापला बोलले."

"बोकड कापला व्हता त्या दिवशी?"

"न्हाय. कोंबड्या व्हत्या," आवडाबाई म्हणाली. "मी इचारलं न्हाय."

आता दोघी रस्त्यात समोरासमोर आल्या तर एक जण बाजूच्या गल्लीत वळते.

वर्षश्राद्धाला सत्यवतीनं हट्ट धरला, त्या जागेपर्यंत जाऊन यायचं. बुधाजीच्या ओळखीनं मिळालेली नोकरी कल्पितानं त्याआधीच सोडली होती, त्यामुळे यार्डात आत सोडायला सांगेल असं ओळखीचं कुणी नव्हतं. मायलेकी गेटवर गेल्या. सत्यवतीच्या हातात द्रोण, त्यात भात आणि थोडी फुलं. बिहारकडचा तरुण सिक्युरिटी गार्ड, मराठी शिकलेला. त्यानं रजिस्टर पुढं केलं.

"पास आहे का? कुणाला भेटायचंय?"

"मालकांना," सत्यवती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात घेतलं नव्हतं.

"मालक इथे बसत नाहीत, आजी. मुंबईला बसतात," गार्ड म्हणाला. "फोन करून या."

कल्पिता काही बोलणार होती, पण मागून ट्रेलरनं हॉर्न दिला. गार्डनं दोघींना हातानं बाजूला व्हायला सांगितलं आणि फाटक उघडलं. एकामागून एक चार ट्रेलर आत गेले. धूळ खाली बसेपर्यंत त्या कुंपणाशी थांबल्या. सत्यवतीनं द्रोण तिथंच गवतात ठेवला. नंतर सहासीटर मिळाली, ती नाक्यापर्यंतच जाणारी होती. पुढचं अंतर त्या चालत आल्या.